पंचायत अष्टमीला भरते

आमच्या गावाचा पहिला कायदा चार पानांचा होता, आणि त्यातलं तिसरं कलम गावावरच उलटलं. ही गोष्ट मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली, लिहून मात्र कधी काढली नाही. नातसून म्हणाली, सांगता तसंच लिहा. म्हणून लिहायला बसले. मी शाळेत गेलेली बाई नाही. माहेरी भाऊ पाटीवर गिरवायचा, ते बघून बघून अक्षरं ओळखायला शिकले, जोडायला त्याहून उशिरा. तेव्हा लिहिताना कुठे घसरले तर सांभाळून घ्या.

आता इथे महानगरपालिका आहे. जेसल पार्कापासून पालीच्या समुद्रापर्यंत सगळा एकच कारभार. मी सांगतेय ती दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा आमचं गाव म्हणजे पालीला लागून किनाऱ्यावर पसरलेली घरं, सुकत घातलेली मासळी आणि मागे डोंगर. निम्मी घरं आम्हा ख्रिस्ती कोळ्यांची, निम्मी हिंदू कोळ्यांची. मी लग्न होऊन आले त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

गावाची विहीर होती, पण असून नसल्यासारखी. एका पावसाळ्यात समुद्राकडची बाजू ढासळली आणि खारं पाणी आत शिरलं. त्या पाण्याने भांडी घासायची, बस. प्यायचं पाणी डोंगरावरच्या झऱ्याचं. जायला यायला दोन तास, आणि येताना उतार. माझं पहिलं मूल त्या उतारावरच गेलं. पाचवा महिना होता, डोक्यावर दोन हंडे होते, पाय सरकला. त्याबद्दल याहून जास्त मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. माझी सासूही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, विहीर. ऊठसूट सासऱ्यांच्या मागे, विहीर कधी बांधणार? सासरे म्हणायचे, विहीर सरकारी जागेत, कचेरीला विचारल्याशिवाय दगड हलवला तर बेड्या पडतील.

आणि मग कळलं की गावाला स्वतःची पंचायत मिळणार. पंचायतीने ठराव केला की विहीर आपली आपण बांधता येते. सासूने हे ऐकलं तेव्हा ती बोंबील टांगत होती. हातातली जोडी तशीच धरून म्हणाली, "मंग लवकर होऊ दे तुमची पंचायत."

पावसाळा सरला आणि कचेरीतून छापील कागद आला. बाकीचे गावचे नियम गावाने लिहायचे होते. ते लिहिले आमच्या शाळेच्या मास्तरांनी. मास्तर घाटावरचे, तीनेक वर्षांपूर्वी बदलून आलेले. माणूस सालस, अक्षर मोत्यासारखं, पण समुद्राकडे पाठ करून बसायचे. म्हणायचे, बघितलं की गरगरतं. त्यांनाच पंचायतीचे चिटणीस केलं. शाळेच्या पडवीत सगळा गाव जमला आणि मास्तरांनी कागद वाचून दाखवला. आम्ही बायका बाहेर, खांबांना टेकून उभ्या. बाईमाणसाने पंच होऊ नये असं कोणी म्हणालं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं.

पहिल्या कलमात गावाची हद्द, पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र. दुसऱ्यात सात पंच. तिसऱ्यात, सभा दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी चार वाजता. चौथ्यात, पाच पंच हजर नसतील तर सभा झाली असं धरायचं नाही. आणि पाचव्यात, ओळीने तीन सभा झाल्या नाहीत तर पंचायत बंद समजावी, कागद मामलेदारांकडे परत जाईल.

मास्तरांना एक तारीख आवडायची, त्यांचा पगार एक तारखेला व्हायचा. आमच्या पुरुषांनाही ती आवडली. माझे सासरे पंच होते, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "एक तारीख कोन इसरल? झ्याक हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अंगठे उमटले, सह्या झाल्या, गूळ वाटला.

कोळ्यांशिवाय दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. आमच्याकडे दिवस मोजायच्या दोन तऱ्हा. ख्रिस्ती घरांत सण, लग्न, बारसं, उपास हे सगळं तारखेने, देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, कॅलेंडरवर; हिंदू घरांतही कचेरी आणि बाजार तारखेनेच. आणि समुद्र तिथीने. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, तो भांग. तेव्हा होड्या किनाऱ्यावर, जाळी शिवायची, पुरुष घरी. द्वादशी लागली की उधाणाचं पाणी धावायला लागतं. डोलीचं पिशवीसारखं जाळं त्या धावत्या पाण्यातच भरतं, म्हणून सगळे पुरुष समुद्रात, आपापल्या खुंटावर. खुंट म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेले मोठे लाकडी खांब, त्यांना जाळं बांधतात. प्रत्येक घराची खुंटाची जागा ठरलेली, बापाकडून लेकाकडे आलेली. तर आमच्या ख्रिस्ती घरातली शेंबडी पोरंसुद्धा तिथी सांगायची, देवाधर्माची म्हणून नाही, पाण्याची म्हणून. पण तारीख आणि तिथी एकमेकांसमोर कोणी कधी ठेवल्याच नव्हत्या. कागदाचे दिवस कागदावर, पाण्याचे पाण्यात. कागद वाचला त्या दिवशी भांग होता, सगळे घरी होते, म्हणून एक तारीख सगळ्यांना झ्याक वाटली.

पहिल्या तीन सभा व्यवस्थित झाल्या. व्यवस्थित म्हणजे माणसं आली. पहिल्या सभेत सरपंच कोणाला करायचं यावर दिवस मावळला. दुसऱ्या सभेत कागदांची पेटी कोणाच्या घरी ठेवायची यावर. तिसऱ्या सभेत डुकरं मोकळी सोडावीत का बांधावीत, यावर दोन पंच उठून गेले आणि पुन्हा आले. विहीर राहिली चौथ्या सभेवर. चौथ्या सभेला दोनच माणसं आली, पंच एकही नाही, आणि ती दोघं अशी की त्यांना होडीत कोणी घेतच नसे. पाचव्या सभेलाही तेच. पुरुष म्हणाले, होईल पुढल्या महिन्यात.

मला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. सासू मला डोंगरावर जाऊ द्यायची नाही, स्वतः जायची. गुडघे धरून उतरायची. मी ऐकायचे नाही, लहान हंडा घेऊन तिच्या मागे निघायचे. वाटेत शाळा लागायची. नियमांची एक प्रत मास्तरांनी पडवीत चिकटवली होती, येताना आम्ही तिथे हंडे टेकवून दम खायचो. मला सवय, अक्षर दिसलं की लावायचं. रोज एक दोन ओळी लावत मी पाचव्या कलमापर्यंत पोचले आणि ते मोठ्याने वाचलं.

"पुन्यांदा वाच," सासू म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिने अंगठा बोटाच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागली. ओठ हलत होते. मग दुसऱ्या हातावर. मग म्हणाली, "मागली एक तारीख चतुर्दशीला होती. त्याच्या आदली तेरशीला. म्हंजी हे येनार कसे? आनि येनारी एक तारीख बाराशीला. त्याच्या फुडली परत चतुर्दशी." ती थांबली. "पोरी, पावसापर्यंत एकबी एक तारीख भांगात न्हाय."

आम्ही तशाच मास्तरांकडे गेलो. इथे सांगायला हवं की आमच्या बोलीत सगळ्यांना अरेतुरे, देवालाही. मास्तर पहिल्या वर्षी रागवायचे, मग सवय झाली.

"मास्तर, तुझी एक तारीख उधानात गेली," सासू म्हणाली.

मास्तरांना आधी काही उमजेना. तिने त्यांच्या टेबलावर शेंगदाणे मांडून त्यांना भांग आणि उधाण दाखवलं. मास्तर पंचांग काढून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे येत्या सभेलाही पाच पंच नाहीत. तिसरी सभा. पंचायत बंद."

"मंग कलम बदल."

"कलम बदलायला सभा लागते, बाई. पाच पंचांची."

"मंग सभा आज घे. आज भांग हाय, सगले घरी हायत."

"सभा एक तारखेलाच. दुसऱ्या दिवशी घेतली तर ती सभाच नाही. मीच लिहिलंय तसं."

सासूने शेंगदाणे पदरात गोळा केले. म्हणाली, "तुजं अक्षर लय चांगलं हाय रे मास्तर."

संध्याकाळी तिने सासऱ्यांना धरलं. ते जाळं शिवत बसले होते. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, या उधाणाला पाच पंचांनी घरी राहायचं, एक दिवस.

"एक दिवस? उधान काय आपली वाट बघत ऱ्हानार हाय? पाच होड्या बांधून ठेवायच्या, पाच घरांनी खायाचं काय, ठराव?"

"पंचायत बंद पडली तर इहीर गेली. या पोरीचे दिवस भरतील तवा मी डोंगरावर असन."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सुईकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. पण बोलले मात्र वाकडंच, "येवढी हौस हाय तर सभा घिऊन ये खुंटावर. आमी कुटं पलून चाल्लोत?"

त्यांनी टोमणा मारला होता. सासूने तो खराच धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मास्तरांकडे गेली, मला घेऊन. म्हणाली, कलम एक वाच. मी वाचलं, पश्चिमेस समुद्र.

"गावाची हद्द समिंदर. मंग समिंदरात सभा का न्हाय घेता येनार?"

"समुद्रापर्यंत, बाई. समुद्रात नाही."

"तसं कुटं लिवलंय? आमच्या खुंटाला दुसऱ्या गावचा कोन हात लावतो का? खुंटावरून भांडान झालं तर मिटवतं कोन? गावच ना? जितवर आमचे खुंट तितवर आमचा गाव."

मास्तरांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. माणूस न्यायी होता. हळूच म्हणाले, "लिहिलेलं नाही, हे खरं." मग एकदम दचकले. "पण मला तिथे यावं लागेल?"

"चिटनीस कोन हाय?"

"मला पोहता येत नाही."

"मंग पडू नको."

खुंटावरून मासळी आणायला एक वाहतुकीची होडी रोज जायची, ती सासूच्या भावाची. ती त्याला बोलली आणि काम झालं. एक तारखेला सकाळी ओहोटी लागली तशी होडी निघाली. मास्तर धोतर वर खोचून चिखलातून चालत गेले, चपला हातात. पंचायतीचे कागद, दौत आणि अंगठ्याची शाई बिस्किटाच्या डब्यात, डबा पोटाशी. सासू पुढे बसली, बाजाराला निघाल्यासारखी. किनाऱ्यावर ज्या बायका होत्या त्या हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तरला परत आन गं, पोरांना सुट्टी मिलंल न्हायतर." पण हसता हसता सगळ्या उभ्या राहिल्या, होडी लांब जाईपर्यंत कोणी टोपलीला हात लावला नाही.

मला त्या दिवशी घरात बसवेना. दुपारी लहान हंडा घेऊन मी डोंगराची वाट धरली. झऱ्याजवळून समुद्र थेट दिसतो. आमचे खुंट कुठे ते मला ठाऊक होतं, होड्या तिथे ठिपक्यांसारख्या पसरलेल्या, एकीपासून दुसरी लांब, जाळ्याला जाळं लागू नये म्हणून. ओहोटी संपून भरती लागण्याआधी पाणी थोडा वेळ उभं राहतं, ना इकडे ना तिकडे. त्या दिवशी ती वेळ चारच्या सुमारास होती; तेव्हा जाळ्यापाशी काम नसतं. मी बघत होते. एक ठिपका सरकायला लागला. मग दुसरा. मग उलट्या बाजूने एक. आयुष्यात मी कधी त्या होड्या एकमेकींजवळ जाताना बघितल्या नव्हत्या. वाहतुकीची होडी सोडून मी मोजल्या. चार झाल्या आणि थांबल्या. बराच वेळ चारच. हंडा भरून वाहायला लागला तरी मी हात काढला नाही. मग अगदी दक्षिणेकडून पाचवी आली.

दिवस मावळताना होडी भरतीबरोबर परत आली. मास्तरांना दोघांनी धरून उतरवलं, ते वाळूत बसले ते बसलेच. पण डबा सोडला नव्हता. सासूच्या तोंडून सभा ऐकायला सगळ्या बायका गोळा झाल्या.

"मास्तरने अर्धी सभा काठावर वाकून घेतली," ती सांगत होती. "एक कलम वाचायचा, वाकायचा. परत वाचायचा, परत वाकायचा. सरपंच बोलला, मास्तर, ते कागदावर नको काय लिवू."

"आनि तुजा काय बोलला?" सासऱ्यांबद्दल कोणीतरी विचारलं.

"आमचा? मला बघून त्याच्या हातातलं वल्हं सुटलं. मी बोललो, सभा आनली हाय, बस." आमच्याकडे बायकाही बोललो, गेलो असंच म्हणतात. "कलम तीन एका दमात झालं. शुद्ध अष्टमी. सगल्यांनी हात वर केले. मंग इहीर आली, तर तो दक्षिनेचा बोलायला लागला, आधी जाली सुकवायच्या जागेचं बघा. मी बोललो, बाबा, जाली सुकवायला जागा लागते, घसा तर बसल्या जागी सुकतो. त्याची बायको रोज डोंगर चढते, त्याला म्हाईत न्हाय काय? त्याने बी हात वर केला. मंग पानी फिरलं, होड्या ओढायला लागल्या, अंगठे देताना अर्धी शाई समिंदरात."

"झालं म्हंजी? ठराव झाला?" मी विचारलं.

मास्तरांनी वाळूतूनच डबा उघडून कागद दाखवला. पाच अंगठे, एक थोडा फरफटलेला. वर त्यांच्या मोत्यांच्या अक्षरात, पण लाटेवर बसून काढलेल्या, लिहिलं होतं, सभेचे ठिकाण, गावची पश्चिम हद्द, खुंटाजवळ.

कागद कचेरीत गेला आणि तिथे अडला. दहा दिवसांनी तिथून कारकून आले चौकशीला. भाईंदर स्टेशनवरून चालत आले, घामाघूम. सासऱ्यांच्या पडवीत बसले. तोवर भांग लागला होता, पंच घरी होते. कारकुनांनी पाणी मागितलं. आमच्या घरात डोंगरावरचं पाणी भरलेलं होतं. सासू आत आली, त्या हंड्याकडे तिने बघितलं, आणि कोपऱ्यातल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या भरून नेला. त्यांनी घोट घेतला आणि तसाच अंगणात टाकला.

"हे कसलं पाणी?"

"गावचं," सासू म्हणाली, आणि त्याच तांब्यात झऱ्याचं पाणी आणून दिलं. "हे दोन तासांवरचं."

ते पूर्ण तांब्या प्यायले. मग कागद काढला. पहिली शंका समुद्राची. ती सासऱ्यांनीच निस्तरली. बायकोचेच शब्द, जितवर आमचे खुंट तितवर गाव, असे काही ठासून बोलले की जणू रात्रभर त्यांनाच सुचत होते. सासू दाराआड उभी राहून ऐकत होती, चेहरा अगदी साधा ठेवून. दुसरी शंका अष्टमीची. कारकून सासऱ्यांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघत म्हणाले, "तुम्ही तर ख्रिस्ती. तुम्हाला अष्टमी कशाला?"

"साहेब, समिंदराचा बाप्तिस्मा न्हाय झाला अजून," सासरे म्हणाले.

कारकून हसले. हसताना बघितलं तेव्हा कळलं, तरुण माणूस होता. मास्तरांनी त्यांनाही शेंगदाणे मांडून दाखवले. जाताना त्यांनी तांब्या पुन्हा भरून मागितला, झऱ्याच्या पाण्याचा, आणि वाटेसाठी बाटलीत घेतला.

ईस्टर झाला आणि मंजुरी आली. एकच अट होती, नोटिशीवर तिथीबरोबर तारीखही घालावी. मास्तरांना ती अट फार आवडली.

त्याच भांगात काम सुरू झालं. युद्धामुळे सिमेंट बघायलाही मिळत नव्हतं, तर पुरुषांनी डोंगराचा दगड फोडून आणला आणि कालवांच्या शिंपा भाजून चुना केला. समुद्राकडची भिंत कंबरभर उंच घेतली. दक्षिणेचा तो पंच सर्वांत आधी यायचा, सर्वांत जास्त कुरकुरायचा. एका भांगात भिंत झाली, दुसऱ्या भांगात आतलं सगळं खारं पाणी उपसायला घेतलं. दिवसभर उपसायचं, झरे पुन्हा भरायचे, पुन्हा उपसायचं. सासू दर संध्याकाळी जिभेला लावून बघायची. खारट. मग मचूळ. मग नुसतं तोंड वाकडं करायची. एका संध्याकाळी तिने ओंजळ भरून प्यायली, पुन्हा भरली, आणि मला हाक मारली. मी प्यायले. मला तरी ते थोडं मचूळच लागलं, पण मी तसं म्हटलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी, भर दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, पदर खोचला, म्हणाली, पाणी तापत ठेवा, भरपूर लागेल. घरात होतं ते सकाळीच संपलं होतं. सासूने हंडा उचलला आणि बाहेर पडली. मी दाराकडे तोंड करून पडले होते, मला भीती वाटत होती, तिने जाऊ नये असं वाटत होतं. सुईणीने चटई सारखी केली, माझे केस बांधले, हातातल्या बांगड्या मागे सारल्या. तेवढ्यात दारात सावली पडली. सासू परत आली होती, हंडा कमरेवर, पाणी डुचमळत होतं, आणि तिला धापसुद्धा लागली नव्हती.